रोमन संगमरवरी प्रती: आपण नक्की कोणाचं काम बघतो?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत रोम आणि नेपल्सला जायचं ठरलंय. मी शाळेत इतिहास शिकवते, त्यामुळे निघायच्या आधी तिथल्या संग्रहालयांबद्दल मिळेल ते वाचून काढतेय. त्यात एक गोष्ट मनाला सारखी टोचते आहे.

मायरॉनचा थाळीफेक्या घ्या. चित्राखाली लिहिलेलं असतं, 'इ.स.पू. पाचव्या शतकातल्या ब्राँझ शिल्पाची रोमन संगमरवरी प्रत'. पॉलिक्लिटोसचा भालाधारी, तेच. प्रॅक्सिटेलिसची निडोसची अफ्रोडाइटी, तीही प्रतच. लिसिपसचा अंगावरचं तेल-धूळ खरवडणारा मल्ल, पुन्हा प्रत. ज्यांची नावं मी मुलांना थोर ग्रीक शिल्पकार म्हणून सांगते, त्यांच्या हातचं काही उरलेलंच नाही का? पाचशे-सहाशे वर्षांनी दुसऱ्या कोणी घडवलेलं बघून आपण मायरॉन थोर होता असं म्हणतो, ते कशाच्या आधारावर?

दुसरी शंका साधी आहे. या पुतळ्यांच्या पायाला जवळजवळ प्रत्येक वेळी झाडाचा बुंधा चिकटलेला दिसतो. थाळी फेकणारा मैदानात उभा आहे, मग झाड कशाला? एका विद्यार्थिनीने वर्गात हे विचारलं आणि तिला नीट उत्तर द्यायची माझी इच्छा आहे.

म्युनिककर

तुम्ही म्हणता त्या थाळीफेक्याचा आमच्या गावाशी संबंध आहे. रोमच्या एस्क्विलिन टेकडीवर १७८१ मध्ये सापडलेली ही प्रत दीडशे वर्षं खानदानी घराण्यांकडे होती. १९३८ मध्ये हिटलरने ती पन्नास लाख लिरांना विकत घेतली आणि इथल्या ग्लिप्टोथेक या शिल्पसंग्रहालयात लोकांसाठी मांडली. युद्धानंतर, १९४८ मध्ये, ती इटलीला परत गेली. आता ती रोमच्या पलाझ्झो मासिमोमध्ये आहे, तुमच्या वाटेवरच.

कधी म्युनिकला आलात तर इथलं प्लास्टर प्रतींचं संग्रहालय बघा, तिकीट नाही. ज्या प्रती प्रत्यक्षात रोम, लंडन, नेपल्स अशा विखुरलेल्या आहेत त्यांचे प्लास्टर तिथे एका छताखाली आहेत, त्यामुळे तुलना करता येते. तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर मात्र हातात छिन्नी धरणाऱ्या कोणीतरी द्यावं.

मातीकाम

गोदाकाठ ताई, मी कोल्हापुरात शिल्पकाम करतो. माती, प्लास्टर, फायबर, ब्राँझ. संगमरवराचं काम आलं की इथे मॉडेल करून जयपूरच्या कारागिरांकडे पाठवतो. तुमच्या विद्यार्थिनीचा प्रश्न आधी घेतो, कारण तो कळला की पहिल्या प्रश्नाला हात घालणं सोपं जातं.

ब्राँझचा पुतळा आतून पोकळ असतो. मेणाच्या थराभोवती साचा भरायचा, भट्टीत मेण वितळवून काढायचं, त्या रिकाम्या जागेत धातू ओतायचा. भिंत निघते काही मिलिमीटरची. शिवाय ब्राँझ ताण सोसतो. ग्रीक लोक पुतळ्याच्या तळपायाखाली शिसं भरून तो चौथऱ्यातल्या खाचेत घट्ट बसवत. एवढं केलं की माणूस एका पायावर उभा राहतो, हात लांब करतो, वाकतो, वळतो. काही आडवं लावावं लागत नाही.

संगमरवर दाब भरपूर सोसतो, ताण सोसत नाही. पोम्पेईत १७९७ मध्ये सापडलेला भालाधारी आता नेपल्सला आहे, उंची २.१२ मीटर. एवढ्या आकाराचा भरीव दगडी देह आमच्या अंदाजाने तीनशे किलोच्या वर जातो. त्याची उभं राहण्याची ढबच अशी, की सगळा भार उजव्या पायावर आणि डावा पाय मागे, नुसत्या बोटांवर टेकलेला. म्हणजे तीनशे किलो एका घोट्यावर. घोटा हा माणसाच्या देहातला सगळ्यात बारीक भागांपैकी एक. दगडात तो टिकणार नाही, कारागिराने हातोडा टाकायच्या आधी त्याला हे माहीत असतं. म्हणून उजव्या पायाच्या मागे बुंधा. तसाच खाली सोडलेला उजवा हात मधेच मोडू नये म्हणून मनगट आणि मांडी यांच्यामध्ये दगडाची एक छोटी आडवी दांडी ठेवलेली आहे. नेपल्सला ती नक्की शोधा.

तेव्हा विद्यार्थिनीला सांगा की मायरॉनच्या ब्राँझमध्ये झाड नव्हतं. ते दगडात घडवणाऱ्याने लावलं. एवढं कळलं की डोळ्यांना एक काम करता येतं: बुंधा आणि दांड्या मनातल्या मनात पुसून टाकायच्या. राहतो तो हवेत मोकळा उभा असलेला माणूस. थाळीफेक्याच्या बाबतीत हे करून बघा, मायरॉनने काय धाडस केलं होतं ते लगेच कळतं.

आधार मूळच्या दगडी मूर्तीलाही लागतो, हे मात्र लक्षात ठेवा. प्रॅक्सिटेलिसची निडोसची अफ्रोडाइटी ब्राँझची नव्हती, मुळातच संगमरवराची होती. तिने स्नानासाठी वस्त्र उतरवलंय आणि ते शेजारच्या पाण्याच्या घड्यावर पडतंय. घडा आणि वस्त्र मिळून हाताला आधार देतात आणि प्रसंगही सांगतात. तिथे दगडाची गरज आणि कथेची गरज एकाच माणसाने एकाच वेळी सोडवली. उलट ब्राँझवरून दगडात आणणाऱ्याला दुसऱ्याच्या तयार रचनेत आधार घुसवावा लागतो, म्हणून त्याचा बुंधा उपरा वाटतो.

आता मोठा प्रश्न. मूळ कुठे गेले? बहुतेक वितळले. ब्राँझ म्हणजे धातू आणि धातूला बाजारभाव असतो. जुने देव मागे पडले तसे मंदिरांतले आणि चौकांतले पुतळे भट्टीत गेले. लिसिपसने दीड हजार शिल्पं केली असं रोमन लेखक प्लिनी लिहितो, त्यातलं खात्रीने त्याच्या हातचं म्हणता येईल असं एकही आज नाही. वाचले ते अपघाताने वाचले. ग्रीसमधल्या डेल्फीचा ब्राँझचा सारथी इ.स.पू. ३७३ च्या भूकंपात दरडीखाली गाडला गेला म्हणून १८९६ मध्ये सापडला. इटलीतल्या रियाचेचे ब्राँझचे दोन योद्धे समुद्राच्या तळाशी होते म्हणून १९७२ पर्यंत टिकले. संगमरवरही सुखात राहिला असं नाही, मध्ययुगात रोमच्या चुनाभट्ट्यांनी किती पुतळे जाळून चुना केला त्याला गणती नाही. तरी दगडी प्रती संख्येने इतक्या होत्या की काही उरल्याच.

मग त्या कशा केल्या, म्हणजे किती विश्वासाच्या? याचा मला सर्वांत आवडणारा पुरावा नेपल्सजवळच्या बाइआचा आहे. १९५४ मध्ये तिथल्या स्नानगृहांच्या अवशेषांत प्लास्टरचे शेकडो तुकडे सापडले. हात, पाय, कपड्याच्या घड्या, चेहऱ्याचे भाग. अभ्यासकांनी जुळवून पाहिल्यावर कळलं की हे ग्रीक ब्राँझवरून थेट साचे घेऊन ओतलेले प्लास्टर आहेत, म्हणजे एखाद्या प्रतीच्या कारखान्याचा नमुन्यांचा साठा. त्यात अरिस्टोगाइटोनच्या चेहऱ्याचा तुकडा आहे. अथेन्समध्ये जुलमी राज्यकर्त्याच्या भावाला मारणाऱ्या जोडीतला हा एक. त्या जोडीचे पुतळे क्रिटिओस आणि नेसिओटिस यांनी इ.स.पू. ४७७ च्या सुमारास केले होते.

आता गंमत बघा. ब्राँझच्या पुतळ्याला तांब्याच्या पत्र्यातून कापलेल्या पापण्या लावत. साचा काढताना त्या अडकतील, तुटतील. म्हणून साचा घेणाऱ्याने आधी त्या झाकून घेतल्या, त्या झाकणाचा ठसा प्लास्टरमध्ये उतरलाय. मी आयुष्यभर हेच काम करत आलो. अंडरकट, म्हणजे साचा अडकेल अशी आत वळलेली खाच, दिसला की तिथे आधी माती भरायची, मग साच्याचे तुकडे पाडायचे. ते छायाचित्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला त्या माणसाची बोटं दिसली. तो दोन हजार वर्षांपूर्वी अगदी त्याच जागी थांबला जिथे मी थांबलो असतो.

असा प्लास्टर पुढे ठेवून, मापं घेत घेत, दगडात उतरवायचं. आमच्या पॉइंटिंग मशीनसारखं यंत्र अठराव्या शतकातलं, पण ठरावीक बिंदूंवरून अंतर मोजून दगडात तेवढं खोल जायचं ही रीत रोमन काळात होती. अर्धवट राहिलेल्या काही मूर्तींवर मोजमापाचे बारीक उंचवटे अजून आहेत. त्यामुळे ढब, प्रमाण, स्नायूंची मांडणी हे बऱ्यापैकी खरं उतरतं. केस, ओठाची कड, कातडीचा पोत हे त्या-त्या कारागिराचं. ब्राँझमध्ये केसांच्या रेघा टोकदार हत्याराने कोरता येतात, दगडात त्या जाड होतात.

यावरून मागे कसं जायचं हे पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत जे केलं त्यावरून समजेल. पोथ्या समोर ठेवायच्या, पाठभेद लावायचे, सगळ्यांत समान येतं ते जुनं मानायचं. जर्मन अभ्यासकांनी एकोणिसाव्या शतकात मूर्तींवर हीच पद्धत चालवली. १८६३ मध्ये कार्ल फ्रीडरिक्स यांनी ओळखलं की नेपल्सचा तो नुसता 'खेळाडू' नसून पॉलिक्लिटोसचा भालाधारी आहे. तोवर पासष्टएक वर्षं लोक त्याच्यासमोरून जात होते. थाळीफेक्या ओळखता आला लुकियनमुळे. दुसऱ्या शतकातल्या या लेखकाने वर्णन केलंय की तो वाकलेला आहे आणि मान वळवून थाळीच्या हाताकडे बघतोय. पलाझ्झो मासिमोतल्या प्रतीत मान तशीच आहे. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये दुसरी प्रत आहे, रोमन सम्राट हेड्रियनच्या तिवोली इथल्या वाड्यातली. तिला दुरुस्तीत चुकीच्या बाजूला तोंड करून डोकं बसवलं, ते खाली जमिनीकडे बघतं. दोन्ही छायाचित्रं वर्गात शेजारी शेजारी दाखवा आणि मुलांनाच विचारा, फेकणारा माणूस यातला कोण. माझी खात्री आहे, मुलं बरोबर सांगतील. लुकियन न वाचता.

चोखंदळ

मातीकाम सर, उत्तर सुरेख आहे, पण मला ते फार उदार वाटतं. मी रेज्जो कलाब्रियाला जाऊन रियाचेचे योद्धे पाहिलेत. तांब्याचे ओठ, चांदीचे दात, बाहेरून बसवलेले डोळे. त्या खोलीतून बाहेर पडल्यावर कुठलीही रोमन प्रत निर्जीव वाटते. आणि या प्रती ज्यांनी मागवल्या त्यांना कलेची कितपत जाण होती? इ.स.पू. १४६ मध्ये ग्रीसमधलं कॉरिंथ लुटल्यावर रोमन सेनापती मुम्मियसने शिल्पं वाहून नेणाऱ्या कंत्राटदारांना बजावलं होतं की हरवलीत तर बदली नवी भरून द्यावी लागतील! रोमन वक्ता सिसेरो अथेन्समधल्या आपल्या मित्राला, ॲटिकसला, पत्रं लिहितो, मेगाराच्या पुतळ्यांचे २०,४०० सेस्टर्स (रोमन नाणी) चुकते करतो आणि आपल्या व्हिलातल्या 'अकादमी'त शोभेल असं जे मिळेल ते पाठव म्हणतो. शिल्पकार कोण, ही विचारणाच नाही. सजावटीचा माल होता तो. ताईंनी मुलांना सरळ सांगावं की अस्सल गेलं, हे दुय्यम आहे.

मातीकाम

चोखंदळ, रियाचेबद्दल तुमच्याशी वाद नाही. ते योद्धे ज्याने पाहिले त्याला दुसरं काही लगेच पाहवत नाही, हे मी समजू शकतो. प्रतींमध्ये वाईट काम भरपूर आहे हेही खरं. भिंतीतल्या कोनाड्यात बसणाऱ्या मूर्तीची पाठ नुसती टाकीने ओबडधोबड सोडलेली मी पाहिली आहे, कारण ती कोणी बघणारच नव्हतं.

पण 'दुय्यम' हा शब्द मला मान्य नाही आणि का ते सांगतो.

सिसेरोचं पत्र तुम्ही म्हणता तसंच आहे, मी त्यातून वेगळं वाचतो. त्याला जागा माहीत आहे. व्यायामशाळेच्या धर्तीवर केलेलं आवार आहे, तिथे तत्त्वज्ञान बोललं जाणार आहे, त्या जागेला साजेल असं त्याला हवंय. रोमन ग्राहक मूर्तीकडे असा बघत असे. पोम्पेईचा भालाधारी तालमीच्या आवारात होता, जिथे गावातली तरुण मुलं कसरत करत. त्यांच्यासमोर नमुनेदार देह उभा केला होता. तोच भालाधारी जवळच्या हर्क्युलेनियममध्ये एका श्रीमंताच्या व्हिलात नुसत्या डोक्याच्या रूपात आहे, ब्राँझमध्ये, त्याच्या जोडीला अमेझॉनचं, म्हणजे ग्रीक कथांतल्या लढवय्या स्त्रीचं, डोकं. तिथे तो बागेतल्या विद्वानांच्या गप्पांचा साथीदार आहे. आणि त्या ब्राँझवर सही आहे: अथेन्सच्या आर्किआसचा मुलगा अपोलोनिओस. त्याला लाज वाटत नव्हती. पॉलिक्लिटोसची रचना मी माझ्या हाताने केली, असं तो कोरून ठेवतो. नेपल्सच्या प्रचंड हर्क्युलिसवरही सही आहे, ग्लिकोन अथेन्सवासी. रचना लिसिपसच्या परंपरेतली, आकार ३.१७ मीटर, कारण तो रोममधल्या काराकाला सम्राटाच्या स्नानगृहात उभा राहायचा होता आणि तिथल्या छताखाली माणसाएवढा पुतळा हरवला असता.

ही सगळी माणसं ग्रीक होती, हे ध्यानात घ्या. 'रोमन प्रत' म्हणताना आपल्या डोळ्यांसमोर कोणी रोमन नकलाकार येतो. पैसा रोमन होता, हात बहुधा ग्रीक, किंवा आजच्या तुर्कस्तानातल्या ॲफ्रोडिसियाससारख्या संगमरवराच्या गावातले. हेड्रियनच्या वाड्यातले दोन सेंटॉर (अर्धे माणूस, अर्धे घोडा), एक म्हातारा एक तरुण, करड्या-काळ्या दगडातले, आता रोमच्या कॅपिटोलाइन संग्रहालयात आहेत. त्यांवर ॲरिस्टिआस आणि पापिआस या ॲफ्रोडिसियासच्या दोघांच्या सह्या आहेत. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावरची वेदना बघा आणि मग सांगा हा माल आहे का.

शिवाय हे लोक नेहमी जसंच्या तसं करतही नसत. रोमजवळच्या प्रिमा पोर्ताचा ऑगस्टस घ्या, १८६३ मध्ये त्याच्या पत्नीच्या, लिव्हियाच्या, व्हिलात सापडलेला, आता व्हॅटिकनला. पाय बघा: भालाधारीचे पाय. तोच उजव्या पायावर भार, तोच मागे टेकलेला डावा. वर चिलखत घातलं, उजवा हात सैन्यापुढे बोलताना उचलतात तसा उचलला आणि ग्रीक खेळाडूचा रोमचा पहिला सम्राट झाला. बुंध्याच्या जागी त्या शिल्पकाराने डॉल्फिनवर बसलेला क्युपिड ठेवला. ऑगस्टसचं घराणं व्हीनसच्या वंशातलं, क्युपिड व्हीनसचा मुलगा, डॉल्फिन तिच्या समुद्रातून जन्माची खूण. दगड मोडू नये म्हणून ठेवलेला आधार वंशावळ सांगू लागला. हे करणारा माणूस पॉलिक्लिटोस समजून घेऊन पुढे गेला होता.

आणि 'अस्सल' म्हणजे तरी काय, हेही ओतकाम करणाऱ्याला विचारा. ग्रीकांची मोठी ब्राँझ बहुतेक अप्रत्यक्ष पद्धतीने ओतलेली असत. मूळ नमुना मातीत किंवा अशाच काही पदार्थात, त्यावरून साचा, साच्यातून मेण, मेणातून धातू. मूळ नमुना शाबूत राहतो, त्याच साच्यातून दुसरं मेण काढून हात-डोकं थोडं बदलता येतं. पॉलिक्लिटोसने ज्या मातीला हात लावला आणि जे ब्राँझ शेवटी उभं राहिलं यांच्यातही कारखान्यातली चार माणसं होती. मी करतो त्या पुतळ्यातही असतात. चौथऱ्यावर नाव माझं येतं. मेण शिवणारा, भट्टी सांभाळणारा, धातू घासणारा यांची नावं येत नाहीत, म्हणून मला अपोलोनिओसची ती सही फार मोलाची वाटते.

रंगाबद्दल एक वाक्य. संगमरवरी प्रती रंगवलेल्या असत, डोळे, केस, ओठ, वस्त्रांचे काठ. तुम्हाला रियाचेसमोर त्या निर्जीव वाटल्या त्यात दोन हजार वर्षांत उडालेल्या रंगाचाही वाटा आहे.

चोखंदळ

ऑगस्टसचा मुद्दा मानला. डॉल्फिनचा आधार म्हणून कधी विचार केला नव्हता. पण अमेझॉनचं काय? पाच शिल्पकारांची स्पर्धा झाली, प्रत्येकाने स्वतःला पहिलं आणि पॉलिक्लिटोसला दुसरं मत दिलं, ही प्लिनीची गोष्ट प्रसिद्ध आहे. आज तीन प्रकारच्या जखमी अमेझॉनच्या भरपूर प्रती आहेत, आणि कुठली कोणाची यावर अजून एकमत नाही. पोथ्यांची पद्धत तिथे हरली ना?

मातीकाम

हो, तिथे ती अडते. प्रतींवरून रचना परत मिळते, नाव मिळत नाही. नावासाठी लुकियनसारखा साक्षीदार लागतो. तीन रचना आहेत, तिघींच्या जखमा आणि उभं राहणं वेगळं, हे पक्कं. पॉलिक्लिटोसची कुठली हे ठरवता आलं नाही म्हणून त्या तीन रचना कमी होत नाहीत. मला तर त्या तिघी शेजारी ठेवल्या की स्पर्धेतच बसल्यासारखं वाटतं: दुखावलेल्या देहाने हात वर कसा उचलावा, या एका प्रश्नाची तीन उत्तरं.

गोदाकाठ

मातीकाम सर, चोखंदळ, म्युनिककर, तिघांचे मनापासून आभार. थाळीफेक्याचे दोन फोटो उद्याच वर्गात नेते.

आता एक स्वार्थी प्रश्न. रोमला दोन दिवस, नेपल्सला एक. सोबत मुलगी आणि माझी आई, आईला फार चालवत नाही. या सगळ्यातलं काय चुकवू नये?

मातीकाम

ताई, रोममध्ये व्हॅटिकनच्या रांगेत आईंना दमवण्याआधी पलाझ्झो मासिमोला जा. तेर्मिनी स्थानकासमोरच आहे, गर्दी कमी असते, बसून बघता येतं. तिथे थाळीफेक्याच्या दोन प्रती आहेत. एक म्युनिककरांनी सांगितलेली, जवळजवळ पूर्ण. दुसरी कास्तेलपोर्त्सियानोला १९०६ मध्ये सापडलेली, तिला डोकं नाही. एकाच रचनेवर काम केलेले दोन हात एकाच ठिकाणी बघायची अशी संधी क्वचित मिळते. पोटाचे स्नायू आणि बरगड्या बघा, एकाने कुठे धार ठेवली, दुसऱ्याने कुठे मऊ केलं. मुलीला फरक शोधायला सांगा, आई बसून ऐकतील.

त्याच इमारतीत ब्राँझचा बसलेला मुष्टियोद्धा आहे, १८८५ मध्ये क्विरिनाल टेकडीवर सापडलेला. ही प्रत नाही, ग्रीक परंपरेतलं ब्राँझच आहे. जखमांतून ओघळलेलं रक्त लाल तांबं जडवून दाखवलंय, मांडीवर आणि हातावर थेंब आहेत. थाळीफेक्या बघून झाल्यावर लगेच याच्याकडे या, ब्राँझ आणि दगड यांचा फरक मी इथे इतकं लिहून जो सांगू शकलो नाही तो तुम्हाला समोर दिसेल.

नेपल्सला पुरातत्त्व संग्रहालयात तीन गोष्टी: भालाधारी, त्याचं अपोलोनिओसने केलेलं ब्राँझ डोकं, आणि हर्क्युलिस. हर्क्युलिस समोरून थकलेला दिसतो, गदेवर रेलून. त्याच्या मागे नक्की जा. पाठीमागे घेतलेल्या उजव्या हातात हेस्परिडीसची सफरचंदं आहेत, म्हणजे त्याच्या अगदी शेवटच्या कामगिऱ्यांपैकी एक झालेली आहे. पुढून दमलेला का, याचं कारण मागून कळतं. या मूर्तीची पाठ कोनाड्यासाठी केलेली नाही.

परत आल्यावर एखाद्या सुट्टीत मुलांना घेऊन कोल्हापूरला या. इथल्या टाऊन हॉल संग्रहालयात ब्रह्मपुरीला सापडलेली पोसायडनची वीतभरही नसलेली ब्राँझ मूर्ती आहे, रोमशी व्यापार चालायचा त्या काळात समुद्रावरून आलेली. ग्रीक देव, ग्रीक घडण, रोमन काळ, आणि पंचगंगेचा काठ. तुमच्या विद्यार्थिनीला विचारा, हिला झाडाचा बुंधा का नाही. आता तिला सांगता येईल.

पलाझ्झो मासिमो सोमवारी आणि नेपल्सचं संग्रहालय मंगळवारी बंद असतं, तिकिटं काढण्याआधी त्यांच्या संकेतस्थळावर एकदा बघून घ्या.